तोटी, गाळणी आणि मिस्त्री

आज ज्या वस्तूविषयी बोलावयाचे आहे, ती हाताच्या बोटाहून फारशी मोठी नाही. मोटारीचे बॉनेट उघडून पाहिले तरी ती चटकन दृष्टीस पडत नाही. इंग्रजी पुस्तके तिला इंजेक्टर म्हणतात, गॅरेजमधला मिस्त्री तिला नोझल म्हणतो. आम्ही आपले तिला तोटी म्हणू. इंधनाचा बारीक फवारा योग्य क्षणी आणि योग्य मापाने इंजिनात सोडावयाचा, एवढेच तिचे काम. पण हे एवढेसे काम ती किती वेळा करते ते पाहा. गंगाखेडहून परभणीला निघालेल्या मोटारीचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक ह्या हिशेबाने प्रत्येक तोटी तासाभरात ६०,००० वेळा उघडते आणि मिटते. त्यातली शे-दोनशे उघडमिटही चुकली तर बसलेल्या माणसाला हिसका जाणवतो.

इतिहास म्हटला की गड, तह आणि सनावळी आपल्या डोळ्यांपुढे येतात. मोटारीच्या तोटीला कसला आला आहे इतिहास, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्यात नवल नाही. परंतु आमचे म्हणणे असे की, ज्या घरात एक मोटार आहे आणि ती नादुरुस्त झाली की महिन्याचा हिशेब कोलमडतो, त्या घराला हा इतिहास ठाऊक असणे फायद्याचे आहे. गाडी अडखळू लागली, धूर सोडू लागली की "चारही नोझल गेली" असे निदान होते. नव्या धाटणीच्या डिझेल गाडीला चार तोट्या बदलावयाच्या म्हणजे मध्यम मिळकतीच्या माणसाच्या महिन्या-दोन महिन्यांच्या कमाईवर पाणी. आणि पुष्कळदा तोट्या बदलूनही दोष जात नाही, कारण दोष तोटीत नव्हताच. तोटीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचला तर असे दिसते की, तिच्यावर जितके आरोप झाले त्यांतले बरेचसे तिच्या मागून येणाऱ्या इंधनाचे होते.

प्रारंभ जर्मनीत होतो. रूडोल्फ डिझेल ह्यांनी १८९२ साली आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्या इंजिनाची जाहीर चाचणी झाली. इंधनातील शक्तीपैकी सुमारे २६ टक्के शक्ती त्याने कामाला लावली. वाफेची इंजिने तेव्हा ह्याच्या निम्म्यावरही क्वचितच पोचत. पण डिझेल ह्यांची खरी अडचण वेगळीच होती. दाबाने तापलेल्या हवेत तेल शिरवावयाचे कसे? नुसते ओतले तर ते जळत नाही, काजळी धरते. त्याचे धुके झाले पाहिजे. डिझेल ह्यांनी ते तेल जोरदार दाबलेल्या हवेच्या झोताने आत फुंकले, आणि त्यासाठी इंजिनाला हवा दाबणारे दुसरे एक यंत्र जोडावे लागले. असले धूड कारखान्यात आणि जहाजात चालले. मोटारीत ते बसणार कोठे? १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून डिझेल नाहीसे झाले आणि समुद्रातच त्यांचा अंत झाला. त्यांचे इंजिन मोटारीत बसलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

हवेचे लोढणे काढून टाकण्याचे श्रेय अनेकांचे आहे. इंग्लंडात व्हिकर्स कंपनीचे मॅकेचनी ह्यांनी १९१० साली नुसत्या तेलालाच मोठा दाब देऊन फवारण्याचे पेटंट घेतले. त्याच्या आदल्या वर्षी बेंझ कंपनीचे प्रॉस्पर लोरांज ह्यांनी मुख्य कोठडीआधी एक लहान कोठडी ठेवण्याची युक्ती काढली होती. तिच्यामुळे तोटीवरचा भार हलका झाला. परंतु युक्ती सुचणे निराळे आणि तीच वस्तू हजारोंनी, एकसारखी, केसाच्या अंशाइतक्या मापात तयार करणे निराळे. ते काम श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्याने १९२२ च्या अखेरीस हाती घेतले, आणि पाच वर्षे खपून नोव्हेंबर १९२७ मध्ये पहिले हजार पंप बाहेर काढले. १९३६ साली मर्सिडीजची २६० डी ही डिझेलवर चालणारी, कारखान्यातून रीतसर विक्रीस आलेली पहिली घरगुती मोटार आली.

तोटीच्या आत एक पोलादी सुई असते. सुई आणि तिचे घर ह्यांमध्ये फट असते ती २ ते ४ मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्यावा. ह्या फटीतून सरकणाऱ्या सुईला वंगण कोणते, तर खुद्द डिझेल. निराळे तेल कोणी घालत नाही. म्हणजे जे इंधन जाळावयाचे तेच आधी यंत्राला सांभाळते. त्यात पाणी आले की सुईला गंज, रॉकेल आले की वंगण कमी, धूळ आली की ओरखडे. तोटीची दुखणी बहुतेक एवढ्यातच आली.

आता गोदावरीच्या काठी येऊ. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी मोटारवाहतूक सुरू केली; पुढे मराठवाड्यातली सरकारी वाहतूक १९६१ साली आजच्या एस.टी.त मिळाली. पण आमच्या मते खेड्यापाड्यांतल्या माणसाला तोटीची पहिली ओळख मोटारीने करून दिली नाही. ती करून दिली विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने. ह्या इंजिनाचे घराणे अस्सल महाराष्ट्रीय आहे. साताऱ्याला धनजीशा कूपर ह्यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने होऊ लागली. देशी बनावटीच्या अगदी पहिल्या इंजिनांत त्यांची गणना होते. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्य मंत्री होते, हे आज फार थोड्यांच्या लक्षात असेल. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि शंतनुराव किर्लोस्करांच्या कारकिर्दीत तिची इंजिने महाराष्ट्रभर विहिरींवर जाऊन बसली. मोट सुटली आणि इंजिनाची टुकटुक सुरू झाली ती अशी.

इंजिन आले तसा त्याचा वैद्यही आला. तालुक्याच्या गावी 'पंप-नोझल' अशी पाटी असलेले एखादे दुकान असावयाचे. तेथला मिस्त्री, ज्याला आपल्याकडे हैदराबादी वळणाने उस्तादही म्हणत, शाळेत बहुधा फार शिकलेला नसे. पण त्याची शिस्त एखाद्या शस्त्रवैद्याला शोभेल अशी असे. तोटी खोलताना तो एका तोटीची सुई दुसरीच्या घरात कधी जाऊ देत नसे, कारण सुई आणि घर ही कारखान्यात एकमेकांवर घासून जमविलेली जोडी असते. जोडी मोडली की दोन्ही वाया. काजळी काढावयाला तो पितळी ब्रश नाहीतर लाकडाची काडी घेई. पॉलिश पेपरला हात लावत नसे. सुई स्वच्छ डिझेलात बुडवून, घर तिरपे धरून, ती एक-तृतीयांश बाहेर ओढावयाची आणि सोडून द्यावयाची. आपल्या वजनानेच ती हळूहळू घसरत जागेवर गेली तर जोडी शाबूत. अडकली तर मळ आहे किंवा सुई वाकली आहे. धपकन पडली तर झिजली आहे. ह्या परीक्षेला वीज लागत नाही, मापकाटा लागत नाही, आणि ती खोटे बोलत नाही.

मग तोटी हातपंपाच्या टेस्टरवर चढे. दांडी दाबावयाची आणि काट्यावर पाहावयाचे की, कोणत्या दाबाला ती उघडते. जुन्या तोट्या शंभर-सव्वाशे बारपासून दोन-अडीचशे बारपर्यंत उघडत. मोटारीच्या टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे हा दाब केवढा ते कळेल. उघडण्याचा दाब कमी भरला तर स्प्रिंगखाली पातळ चकती घालून तो वाढवावयाचा. फवारा शंकूसारखा, धुक्यासारखा निघाला पाहिजे. त्यात धार दिसता कामा नये. उघडताना चांगली तोटी किरकिर आवाज करते, आणि दाब धरून ठेवला असता तिच्या टोकावर थेंब जमत नाही. थेंब जमला की मिस्त्री म्हणे, "ठिबकतीय." ठिबकणारी तोटी इंजिनात अवेळी इंधन सोडते, त्याने ठोका येतो, काळा धूर येतो आणि शेवटी पिस्टनचे डोके जळते. येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ह्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाचे तेल कातडी भेदून आत जाते, बाहेर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, आणि आत मांस सडू लागते. असे झाले तर घरगुती मलमपट्टी न करता तत्काळ शल्यचिकित्सकाकडे गेले पाहिजे.

ह्या तोट्या सुरुवातीला परदेशातून येत. १९५१ साली बंगळूरला मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपल्या ओळखीची मायको, स्थापन झाली आणि बॉशच्या घराण्याचे पंप येथेच होऊ लागले. १९७० च्या आगेमागे तिचा कारखाना नाशिकला उभा राहिला आणि तोट्या चक्क महाराष्ट्रात बनू लागल्या. २००८ साली कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, तरी नाशिककर त्या चौकाला अजून मायको सर्कलच म्हणतात. नावे बदलणे सरकारला आणि कंपन्यांना सोपे असते, रिक्षावाल्याला नसते.

घरगुती मोटारीत मात्र तोटी फार उशिरा आली. आपल्या मध्यमवर्गाची मोटार म्हणजे फियाट, पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी, आणि अँबॅसडर. दोन्हींचे राज्य पेट्रोलचे, आणि पेट्रोलच्या इंजिनाला तोटीची गरज नव्हती. तेथे कार्बोरेटर होता. हवा अरुंद गळ्यातून ओढली जाते, तेथे तिचा दाब पडतो, आणि पेट्रोल आपणहून तिच्या मागे खेचले जाते. साधी, गरीब स्वभावाची वस्तू. कचरा अडकला तर जेट काढून तोंडाने फुंकर मारावी आणि परत बसवावी. थंडीत चोक ओढावा. त्यातही चुका होत, पण रस्त्याच्या कडेला दुरुस्त होण्याजोग्या. डिझेलची अँबॅसडर १९८० च्या सुमारास आली. त्याच दशकात महिंद्राच्या जीपगाड्यांत पेजो घराण्याचे डिझेल इंजिन बसू लागले, आणि पुढे मराठवाड्यातल्या सडकांवर काळी-पिवळी जीप भरभरून धावू लागली. ऑइल इंजिनावर हात बसलेल्या मिस्त्रीला ही इंजिने परकी वाटली नाहीत. पंप तसाच, तोटी तशीच. इंजिन चालू ठेवून एकेका तोटीच्या नळीचे नट किंचित ढिले करावयाचे. आवाज बदलला तर ती तोटी काम करीत होती, नाही बदलला तर तीच गुन्हेगार. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका निघाली. डिझेलवर चालणारी, पाच माणसे बसणारी, पुण्यात घडलेली ही मोटार कुटुंबांनी घेतली, आणि अशी परीक्षा घरच्या गाडीवर होऊ लागली.

पेट्रोलच्या गाडीत तोटी आली ती धुरामुळे. तसे १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ती होती, पण तो श्रीमंतांच्या शर्यतीचा मामला. सामान्यांच्या मोटारीत ती येण्यास कारण झाला कॅलिफोर्नियाचा धूर. तेथील कायद्यामुळे १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० गाडीत विजेच्या इशाऱ्यावर उघडणारी तोटी बसली. हवा किती येते ते मोजावयाचे आणि त्या मापाने तोटी किती क्षण उघडी ठेवावयाची ते एका विद्युत्-पेटीने ठरवावयाचे. पुढे १९७६ साली व्होल्वोने धुराड्यात प्राणवायू मोजणारा संवेदक बसविला. त्यामुळे ह्या पेटीला आपल्या कामाचा निकाल लागलीच कळू लागला. जास्त पेट्रोल गेले की पुढच्या खेपेला कमी. मिस्त्री ह्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतो.

आपल्याकडे हे लोण तीस वर्षांनी आले. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या मोटारींना युरोपीय धूरनियम लावले, आणि कार्बोरेटरची घटका भरली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या सँट्रोत तोट्या होत्याच. २००० च्या आसपास मारुती ८०० मध्येही त्या आल्या, आणि 'एमपीएफआय' ही अक्षरे गाडीच्या मागल्या काचेवर झळकू लागली. ती अक्षरे वाचून कित्येक गॅरेजांचा धीर सुटला असला पाहिजे. फुंकर मारावयाला जेट नाही, पिळावयाला स्क्रू नाही. आहे ती एक बंद पेटी आणि डॅशबोर्डावर पिवळा दिवा. पण वस्तुतः पेट्रोलची तोटी फार सोशिक असते. तिच्यावर दाब अवघा तीनेक बारचा. गिऱ्हाइकाने तिला घाबरण्याचे कारण नव्हते, आणि मिस्त्रीनेही.

असे असता तिच्यावर आरोप का येतात, ते पाहण्यासारखे आहे. गाडी उभी असताना थरथरते, मिसिंग होते, ओढ राहत नाही. ही लक्षणे तुंबलेल्या तोटीची आहेत हे खरे. पण हीच लक्षणे झिजलेल्या प्लगची, खराब कॉइलची, हवा चोरणाऱ्या फाटक्या नळीची आणि टाकीतल्या थकलेल्या पंपाची आहेत. म्हणून जाणता मिस्त्री आधी प्लग पाहतो, मग इंधनाचा दाब मोजतो, मग गाळणी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक तोटीवर आणि मूठ कानाशी धरली, तर जिवंत तोटीची टकटक ऐकू येते. टकटक नसेल तर आधी तिच्या वायरीत वीज येते का ते पाहावयाचे. एवढे करून संशय उरलाच तर ती तोटी शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावी. दोष तिच्याबरोबर तिकडे गेला तर तोटी दोषी, जागीच राहिला तर निर्दोष. न्यायाची ह्याहून स्वस्त रीत आम्हांला ठाऊक नाही. दोषी ठरलेली पेट्रोलची तोटीही पुष्कळदा ध्वनिलहरींच्या पाण्यात धुऊन, तिची बारीक जाळी आणि रबरी कडी बदलून पुन्हा नांदू लागते. टाकीतला पंप मात्र पेट्रोलात बुडूनच थंड राहतो. काटा कायम रिझर्व्हवर ठेवून गाडी फिरविण्याची जी काटकसर आपल्याकडे आहे, ती ह्या पंपाला तापवून मारते.

इंधनाच्या शुद्धतेची गोष्ट निघाली म्हणजे एका माणसाचे नाव घेणे आवश्यक आहे. शिधापत्रिकेवरचे रॉकेल स्वस्त होते आणि डिझेल महाग. ह्या दोन भावांच्या फटीत भेसळीचा मोठा धंदा वाढला. रॉकेलात निळा रंग घालण्यात आला तो भेसळ ओळखू यावी म्हणून. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनचोरीचा असाच एक प्रकार पाहून थांबले, त्यांनी जाब विचारला, आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. तोटीची सुई का झिजते ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ यंत्रशास्त्रात शोधणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. रॉकेल मिसळलेले डिझेल जळते, गाडीही पळते. पण पंप आणि सुई ह्यांचे वंगण हरपते, आणि सहा महिन्यांनी मिस्त्रीच्या टेबलावर झिजलेली जोडी येते. गिऱ्हाईक तेव्हा कंपनीला शिव्या देतो.

ह्या काळात डिझेलच्या तोटीत दुसरी क्रांती झाली होती. इटलीत बारी येथे फियाटच्या संशोधकांनी एका सामाईक नळीत इंधन प्रचंड दाबाने साठवून ठेवण्याची रीत सिद्ध केली. १९९४ साली तिचे हक्क बॉशकडे गेले आणि १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये ती प्रथम आली. तिला कॉमन रेल म्हणतात. दाब १,३५० बार, पुढे १,६००, पुढे २,००० आणि त्याहून अधिक. एकाच स्फोटासाठी तोटी आता तीन-चार वेळा उघडते. आधी चिमूटभर, मग मुख्य माप, मग पुन्हा थोडे. म्हणूनच नवी डिझेल गाडी पूर्वीसारखी खडखडत नाही. ह्याच घराण्यातले १,२४८ सीसीचे छोटे मल्टिजेट इंजिन आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावला बनू लागले, आणि मारुतीने हरियाणात बनविले. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत ते गेले. मोटारींवर लिहिणारे त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत. १ एप्रिल २०२० पासून धुराचे सहावे नियम लागू झाले आणि त्याचे उत्पादन थांबले. पण त्या गाड्या आजही आपल्या सडकांवर मुबलक आहेत.

ह्या तोट्यांपुढे जुन्या मिस्त्रीची एक विद्या निरुपयोगी झाली, इतकेच नव्हे तर प्राणघातक झाली. चालू इंजिनावर नळीचे नट ढिले करण्याची परीक्षा येथे कदापि करू नये; हजार-पंधराशे बारचा झोत हाताच्या आरपार जाईल. तोटी बदलली तर तिच्या अंगावर कोरलेला संकेत यंत्राच्या मेंदूत लिहावा लागतो, कारण कारखान्यातून निघालेल्या दोन तोट्याही तंतोतंत सारख्या नसतात आणि मेंदूला प्रत्येकीचा स्वभाव कळावा लागतो. पण विद्येची जात बदलली नाही. प्रत्येक तोटीतून थोडे डिझेल परत टाकीकडे जाते. ती परतीची नळी काढून चार छोट्या बाटल्यांत सोडावी आणि इंजिन काही मिनिटे चालवावे. एक बाटली इतरांहून लवकर भरली तर ती तोटी आतून झिजली आहे, दाब धरीत नाही. सुई आपल्या वजनाने घसरविणाऱ्या उस्तादाला ही परीक्षा पाहताच पटली असती. इंजिनातून फुसफुस आवाज येतो आणि तोटीभोवती डांबरासारखा काळा थर साचतो, तेव्हाही तोटी शाबूत असू शकते. तिच्याखालची तांब्याची चकती तेवढी बसकलेली असते. तिची किंमत तोटीच्या तुलनेत काहीच नाही, मात्र वेळीच बदलली तर.

आणि गाळणी. डिझेलच्या गाळणीच्या तळाशी पाणी साठण्याची जागा असते, आणि खाली एक स्क्रू असतो. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते तळाशी बसते. तो स्क्रू वेळोवेळी ढिला करून पाणी काढावे आणि स्वच्छ डिझेल दिसताच आवळावे, असे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते पुस्तक बहुधा कोऱ्या कव्हरात डॅशबोर्डाच्या कप्प्यात पडून राहते. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात दमट हवा, दोन्हींचा तोटा नाही; तेव्हा पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या थोडे आधीच गाळणी बदलावी, असे आमचे मत आहे. दहा वर्षांत लागणाऱ्या सगळ्या गाळण्यांची किंमत जमेस धरली तरी ती एका कॉमन रेल तोटीएवढीही बहुधा होत नाही.

न्याय करावयाचा तर तेल कंपन्यांनीही इंधन पुष्कळ सुधारले आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर डिझेलात दहा लाखांत ५,००० भाग गंधक चालत असे. २०१० साली देशभर ते ३५० वर आले, २०१७ साली ५० वर, आणि २०२० पासून अवघ्या १० वर. गंधक गेल्याने धूर निवळला. परंतु गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक ओशटपणाही जातो, म्हणून वंगणासाठी त्यात वेगळे द्रव्य घालावे लागते. भेसळ करणारा हे द्रव्य घालत नाही, हे सांगावयास नको.

पेट्रोलच्या बाजूला नवा पाहुणा आला आहे, आणि तो आपल्या घरचाच आहे. उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलात मिसळण्याचा पहिला प्रयोग २००१ साली देशात जेथे झाला, त्यांत महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. २००३ साली नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०२५ साली प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. गंगाखेडच्या परिसरात ऊस आहे, साखर कारखाना आहे. तेव्हा आपल्या शिवारातले पीक तोटीतून फवारले जाण्याचा हा काळ आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने आम्ही ह्याचे स्वागतच करू. पण मोटारवाल्याने दोन गोष्टी जाणून असाव्यात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते, म्हणून तोटी अधिक वेळ उघडी राहते आणि अॅव्हरेज काहीसे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट सहा-सात टक्के धरली होती. ह्या घटीसाठी तोटी धुवावयाला जाणे म्हणजे साखर कमी पडली म्हणून चहाचा कप घासणे होय.

दुसरी गोष्ट पाण्याची. नुसत्या पेट्रोलात पाणी मिसळत नाही, इथेनॉलमध्ये मिसळते. थोडे पाणी ते पोटात घेते आणि बिनतक्रार जाळूही देते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाते, आणि टाकीतला पंप नेमका तळाचेच इंधन ओढतो. मुसळधार पावसानंतर भरलेल्या पेट्रोलाने एकाच दिवशी गावातल्या पाच-सहा गाड्या बंद पडल्या, तर पाचही गाड्यांच्या तोट्या एकदम कशा गेल्या, असा प्रश्न विचारण्याची सवय असावी. त्या वेळी पारदर्शक बाटलीत थोडे इंधन काढून दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून घ्यावी, बाटली आणि पावती दोन्ही जपून ठेवावी. जुन्या गाड्यांच्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही इथेनॉल सोडवून आणते आणि गाळणीपाशी आणून ठेवते. म्हणून २०२३ पूर्वीची गाडी असलेल्यांनी गाळणी एकदा लवकर बदलून घ्यावी आणि रबरी नळ्यांना चिरा पडल्या आहेत का ते पाहून घ्यावे.

तालुक्याच्या गावात आता स्कॅनर आला आहे. तो गाडीच्या खोबणीत लावला की पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटतात. पी ०३०० म्हणजे इंजिन मिसिंग होते आहे. पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. ह्यांपैकी एकाही आकड्याचा अर्थ "तोटी बदला" असा नाही. तोटीच्याच वायरीचा दोष दाखविणारे पी ०२०१ ते पी ०२०४ हे आकडे वेगळे आहेत, आणि तेही आधी वायर तपासा असेच सांगतात. आकडा वाचणे मुलालाही जमते. पुढे कोणती वस्तू आधी तपासावयाची हे ठरविताना मात्र जुना मिस्त्री आणि नवा मिस्त्री एकाच वाटेने जातात. आधी बाटलीत काढलेले इंधन, मग गाळणी, मग दाब, मग वायर, आणि तोटीवर पाना त्यानंतर.